अख्तरबीची बतावणी

तमाशाला आलेला माणूस तमाशा पुढून बघतो. मी सगळा जन्म तो मागून बघितला. माझ्या हातात तुणतुणं, समोर याकूब आणि जोतीराम यांच्या पाठी, आणि त्या दोन पाठींच्या मधल्या फटीतून दिसतील तेवढे लोक. मला लोक म्हणायचे, अर्जुना, तुझी चैन आहे, रोज फुकटात हसायला मिळतं. त्यांना काय सांगायचं? हसणाऱ्या माणसाच्या हातात तुणतुणं सुरात राहत नाही. वीसेक वर्षं मी दात आवळून उभा होतो, आणि याकूब बोलायला लागला की ते काम सोपं नव्हतं.

आमचा फड सातारा-सांगलीकडे याकूब-जोतीरामचा फड म्हणून ओळखला जायचा. गण, गवळण, वग सगळं रीतसर होतं. बनुबाई नाचायलाही चांगली होती आणि गायलाही. पण लोक यायचे ते बतावणीला. वगाच्या आधी सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहून जे बोलतात ती बतावणी. जोतीराम सरदार, फेटा बांधून छाती काढून उभा राहायचा. याकूब सोंगाड्या, सदऱ्याला ठिगळं, टोपी कानावर. त्यात लिहिलेलं पाठ केलेलं काही नसायचं. बोर्डावर पाय ठेवेपर्यंत आज काय बोलायचं हे दोघांनाही माहीत नसायचं. गावात शिरताना पाटलाचा अडलेला बैल दिसला तर त्या बैलावर तासभर बोलणं व्हायचं, आणि पाटील स्वतः पोट धरून हसायचा.

त्यांचा कायदा एकच. समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. जोतीरामने विचारलं, "का रं, तुजी म्हस व्याली का?" तर याकूबने माझ्याकडे म्हैसच नाही असं म्हणायचं नाही. म्हैस आहे, काल व्याली, रेडकू झालं, आणि ते रेडकू नेमकं जोतीरामच्या तोंडवळ्यावर गेलंय, असं ते पुढे चालायचं. एकाने दिलं की दुसऱ्याने घ्यायचं. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की खाली उतरल्यावरही थांबायचं नाही. बैलगाडीत, विहिरीवर, भाकरी खाताना दोघांचं तेच चाललेलं असायचं. त्यातलं खरं किती आणि सोंग किती याच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही.

चव्वेचाळीस साली लढाईमुळे रॉकेल दिसेनासं झालं. बत्त्या कशावर पेटवायच्या? त्या वर्षी चैत्रातल्या यात्रांचे खेळ गावांनी दिवसाच लावले. उन्हात तोंडाचा रंग वितळायचा, बनुबाईच्या डोळ्यातलं काजळ गालावर यायचं, आणि समोर बसलेल्यांची तोंडं स्पष्ट दिसायची. अर्धी म्हातारी माणसं. त्यांची पोरं पलटणीत होती, काही परत येणार नव्हती. या लोकांना हसवायचं म्हणजे मेहनतीचं काम होतं.

कोरेगावच्या खालच्या अंगाला एका गावात ते पहिल्यांदा झालं. बतावणी रंगात आली होती. जोतीरामने काहीतरी विचारलं आणि याकूब उत्तर द्यायच्या ऐवजी त्याच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता मोठं काहीतरी काढतोय. मग तो एकदम नम्रपणे म्हणाला, "पावनं, तुमी कोन म्हनायचं?"

लोक फुटले. वीस वर्षांचा जोडीदार, आणि हा विचारतोय तुम्ही कोण. जोतीराम तर खूश झाला, इतकं नवं काही त्यांच्यात बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. तो म्हणाला, मला ओळखलं नाहीस? मी तुझा सासरा. याकूबने लगेच वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि घरची खुशाली विचारली. हसून हसून एक म्हातारी उचकी लागून आडवी झाली, तिला पाणी पाजावं लागलं.

पुढच्या गावाने त्याचीच मागणी केली. मग जोतीराम रोज नवा माणूस व्हायला लागला. कधी तलाठी, कधी हवालदार, कधी गुरांचा डॉक्टर. याकूब रोज त्याला विचारायचा तुम्ही कोण, आणि तो जे सांगेल ते मानायचा. इतका खरा चेहरा करणारा सोंगाड्या मी बघितला नव्हता. तो चेहरा करत नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात एखादा माणूस बायकोपोरांना तुम्ही कोण विचारायला लागला तर दोन दिवसांत वैद्याला बोलावतील. आमच्याकडे त्याच्यावर टाळ्या पडत होत्या.

शंका आली ती बनुबाईला. याकूब एका सकाळी तीनदा गावाचं नाव विचारून गेला, सदरा उलटा घालून फिरला, जेवून उठल्यावर पुन्हा ताटावर येऊन बसला. तिने जोतीरामला बाजूला घेऊन सांगितलं की याचं काहीतरी बिघडलंय. जोतीराम हसला. म्हणाला, तू नाच बघ तुझा, तो तालीम करतोय. आणि बनुबाईसुद्धा गप्प बसली, कारण याकूब खरंच तसा होता. मागे एकदा बहिऱ्याचं सोंग धरायचं म्हणून तो आठवडाभर कुणाला उत्तर न देता हिंडला होता.

मग लोणंदचा खेळ आला. बाजाराचा दिवस, गर्दी मावत नव्हती. याकूबने नेहमीप्रमाणे विचारलं, तुम्ही कोण. जोतीराम म्हणाला, मी तुझ्या सासुरवाडीचा माणूस, निरोप घेऊन आलोय. कसला निरोप? तर तुझी अख्तर गेली.

बायको मेल्याचा विनोद तमाशात काही नवा नाही. सोंगाड्याने आधी रडायचं, मग नाचायचं, मग दुसरीची चौकशी करायची, आणि बाप्यांनी हसायचं. जोतीरामने तेवढ्यासाठीच तो शब्द टाकला होता. सवयीने याकूबच्या तोंडून आलं, "गेली? कुनासंगं?" बाजार हसला. जोतीराम म्हणाला, "कुनासंगं न्हवं गड्या. एकलीच गेली. वर गेली." तेव्हा याकूब बोर्डावर खाली बसला आणि त्याने असा गळा काढला की लोणंदचा सगळा बाजार लोळायला लागला. जोतीरामही शेजारी बसून छाती पिटायला लागला. लोक पैसे फेकत होते. माझ्या तुणतुण्याची तार त्या दिवशी तुटली, हसू दाबण्याच्या नादात मी ती जोरात ओढली होती.

खेळ संपला, ऊन उतरलं. आम्ही गाड्यांच्या सावलीला बसलो होतो, बनुबाई चुलीवर कालवण ढवळत होती. याकूब तोंडाचा रंग न पुसताच जोतीरामच्या शेजारी येऊन बसला. त्याने विचारलं, "कशानं गेली रं?"

जोतीराम विडी पेटवत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, पटकीने. याकूब म्हणाला, मला का नाही बोलावलं? जोतीराम म्हणाला, तू खेळावर होतास, कुठे शोधायचं तुला. माती कुणी दिली? तुझ्या मेव्हण्याने, लियाकतने. कुठे दिली? मिरजेला, तुझ्या आईच्या शेजारी. असा प्रश्नामागे प्रश्न आला आणि उत्तरामागे उत्तर गेलं. जोतीरामच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगेन. गडी प्रश्न विचारतोय, आपण उत्तर द्यायचं, एवढंच त्याला कळत होतं. बघता बघता त्याने अख्तरबीचं एक अख्खं मरण उभं केलं, त्यात काही कमी ठेवलं नाही.

शेवटी याकूबने विचारलं, "कफन नवं घेतलं हुतं का जुनंच कापड गुंडाळलं?"

तेव्हा जोतीरामने वर बघितलं. याकूबच्या तोंडावरचा पांढरा रंग दोन्ही गालांवर धुऊन गेला होता. जोतीरामच्या हातातली विडी खाली पडली. बनुबाईने पळी ठेवून दिली आणि ती तोंडाला पदर लावून उठून गेली.

जोतीराम घाईघाईने सांगायला लागला की अरे, थट्टा केली, वहिनी जिवंत आहे, माधवनगरला आहे, बांगड्या विकतेय. याकूबने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "तू लय मायाळू हायस. पर मला समजावू नगंस. आता काय व्हायचं ते हून गेलं." जोतीरामने शपथा घातल्या, पाय धरले. जितकं तो जास्त सांगायचा तितकं याकूबला वाटायचं, बिचारा माझ्यासाठी किती करतोय.

त्यानंतर तो बाकी सगळं विसरत गेला आणि हे तेवढं धरून बसला. गावाचं नाव राहायचं नाही, जेवल्याचं राहायचं नाही, जोतीरामचं नावसुद्धा कधी राहायचं, कधी जायचं. पण सकाळी डोळे उघडले की अख्तर गेली हे त्याच्याआधी जागं झालेलं असायचं. बोर्डावर गेला की तेवढा वेळ मोकळा व्हायचा, हसवायचा, खाली उतरला की पुन्हा गुडघ्यात मान घालायचा. जोतीरामला जेवण जाईना. माणूस आतून खाल्ला जातो म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं, आणि एका माणसाला नाही, दोघांना.

अख्तरबीला आणायचं ठरलं. जोतीरामची तिच्यासमोर जायची छाती होईना, म्हणून मला धाडलं. मी कोरेगावला गाडीत बसलो, सांगलीला उतरलो आणि माधवनगरपर्यंत चालत गेलो. गिरणीत लागलेल्या भावाच्या खोलीशेजारी ती राहत होती. दारात बांगड्यांची पेटी उघडून एका पोरीच्या हातात बांगड्या भरत होती. मला ओळखलं, पाणी दिलं. मी बोलायला लागलो तर आधी तिला हसू आलं. म्हणाली, मी मेले हे सांगायला तू माझ्याकडेच आलास का? मग मी पुढचं सांगत गेलो आणि तिचं हसू गेलं.

तिने विचारलं, त्याने काय काय विचारलं होतं ते नीट सांग. मी सांगितलं. मला का नाही बोलावलं, माती कुणी दिली, कफन नवं होतं का. तिने पेटी मिटली. मग म्हणाली की हे सगळं त्याने एकदा विचारलेलं आहे. त्यांना एक मुलगी होती, ताहेरा. चौथ्या वर्षी तापाने गेली तेव्हा याकूब साताऱ्याकडे कुठल्या यात्रेत नाचत होता. निरोप पोचून तो येईपर्यंत माती होऊन गेली होती. तो दारात उभा राहून हेच विचारत होता, आणि अख्तरबीने एका प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी तिने शपथ घेतली की याच्या तमाशाचं तोंड बघणार नाही. बघितलंही नाही. पावसाळ्यात फड बंद असला की तो घरी यायचा, चार महिने राहायचा, दोघं मोजकं बोलायची, आणि दसरा झाला की तो निघून जायचा.

"माजी लेक मेली तवा उत्तर दिलं न्हाई म्या," ती म्हणाली, "म्हनून आता माज्या मरनाची उत्तरं दुसऱ्यानं दिली व्हय." तिने पेटी लियाकतच्या घरात ठेवली आणि ती माझ्याबरोबर निघाली. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली.

फडाचा मुक्काम तेव्हा कोरेगावजवळच एका यात्रेत होता. आम्ही पोचलो तेव्हा याकूब चिंचेखाली बसला होता. तिला बघून तो उठला, घोंगडं झटकून तिला बसायला दिलं. परक्या बाईशी वागावं तसा अदबीने वागला. तिने सांगितलं, मी अख्तर. त्याने ऐकून घेतलं. तिने लग्नाचं सांगितलं, सासूचं सांगितलं, त्याच्या कोपराला भाजल्याचा डाग आहे तो कसा पडला ते सांगितलं. तो मान हलवत होता. मग बनुबाईकडे वळून हळूच म्हणाला, "कुनी पाठीवलं हिला? माज्यापायी किती तरास घेताय समदी." आणि अख्तरबीला म्हणाला की तुमचा आवाज तिच्यासारखा आहे, तुम्ही तिच्या नात्यातल्या असाल.

ती उठून बाजूला गेली ती सरळ जोतीरामसमोर जाऊन उभी राहिली. त्याने मान खाली घातली होती. मला वाटलं, ती त्याच्या थोबाडीत देणार, आणि खरं सांगतो, द्यायला हवी होती असं मला वाटत होतं. तिने दिली नाही. एवढंच विचारलं, आता काय करायचं ते तू सांग.

जोतीरामने विचार करून ठेवला होता. खाली आपण काही सांगितलं की याकूबला ती समजूत वाटते. पण बोर्डावर त्याने आजवर कुणाचा शब्द टाकलेला नाही. तिथे मी म्हशीचा डॉक्टर म्हणालो तर मला डॉक्टर मानतो. अख्तर गेली हे त्याने तिथेच घेतलं. अख्तर आली हेही तिथे सांगितलं तर घेईल. पण त्यासाठी वहिनीला बोर्डावर यावं लागेल, चारचौघांसमोर, उन्हात.

घरंदाज बाई तमाशाच्या बोर्डावर चढली तर तिच्या समाजात तिचं काय होईल हे त्याला कळत होतं, आणि लियाकतला कळलं तर तो तिला दारात उभी करणार नाही हेही. याकूब चिंचेखाली आपला गुडघ्यात मान घालून बसला होता. अख्तरबी तिकडे बघत होती.

"मानूस म्हनून त्यो मला घेत न्हाई," ती म्हणाली. "सोंग म्हनून घेतोय का बगू."

दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या आधी आमचा खेळ होता. गण झाला, गवळण झाली. अख्तरबी कनातीच्या आत बनुबाईच्या पेटाऱ्यावर बसून होती. बनुबाईने तिला तोंडाला थोडा रंग लावते म्हटलं, तर नको म्हणाली. अंगावरचं तेच जुनं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात भरून बांगड्या.

बतावणीला दोघं उभे राहिले. याकूबने विचारलं, पाव्हणं, तुम्ही कोण. लोक आधीच हसायला लागले, आज जोतीराम कोण होतोय बघू म्हणून. जोतीराम म्हणाला, "मी जोतीराम. तुजा जोडीदार." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने खरं उत्तर दिलं, आणि कुणी हसलं नाही. याकूबने ते घेतलं. बरं झालं भेटलास म्हणाला. मग जोतीरामने हात केला आणि अख्तरबी कनातीतून बाहेर आली. नवी बाई बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या अंगाची लाही झाली, पण माझं काम तुणतुणं वाजवण्याचं होतं, ते मी वाजवत राहिलो.

जोतीराम म्हणाला, ही अख्तर. लोणंदला तुला सांगितलं ती गेली, ती परत आलीय.

याकूबने तिच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाला, कुठून परत आली? अख्तरबी म्हणाली, मी कुठे गेलेच नव्हते. याकूब लोकांकडे वळून म्हणाला, मग मिरजेला माती दिली ती कुणाला? हशा उसळला. जोतीराम काहीतरी मधे घालणार होता, पण अख्तरबीनेच उत्तर दिलं, मोठ्याने, रागाने.

"ताहेराला दिली. तवा तू न्हवतास. मी एकलीनं तिला आंगोळ घातली. कफन नवं हुतं. माजं लग्नाचं लुगडं इकल्यालं पैसं लियाकतनं ठेवलं हुतं, त्याचं आनलं. तुला सांगितलं न्हाई म्या, सांगाया पायजे हुतं. ती मेली. मी न्हाई मेले."

लोक हसले. ताहेरा कोण हे त्यांना काय माहीत? एक बाई बोर्डावर नवऱ्याला झापतेय, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि चांगली झापत होती. माणसं किती आंधळी असतात, आणि पुढे बसलेली सर्वांत जास्त. मला तुणतुणं उचलून त्यांच्यात फेकावंसं वाटलं.

याकूब हसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती, चेहरा मला दिसला नाही. मग त्याने पुढे होऊन तिचा हात धरला आणि वर उचलला. "मंडळी," तो म्हणाला, "माजी अख्तर आली बरं का."

पटके उडाले, टाळ्या पडल्या. जोतीराम फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता आणि लोकांना तेही सोंगच वाटत होतं. माझा हात थांबला होता. अख्तरबीच्या बांगड्या त्याच्या मुठीत दबल्या होत्या, आणि ती खाली मान घालून रडत होती. मला वाटलं, जमलं.

तिघं कनातीत आली, मागून मी. आत येताच याकूबने तिचा हात सोडला. हळूच सोडला, बांगडी पिचणार नाही अशा बेताने. मग दोन पावलं मागे सरून त्याने तिला हात जोडले.

"बाई, लय झ्याक केलंत," तो म्हणाला. "कुटल्या फडातल्या म्हनायच्या तुमी? अक्षी तिच्यावानी बोललासा. ताहेराचं बी कुनी सांगितलं तुमास्नी? माज्या तर काळजात चर्र झालं. ती आसती तर बगितलं आसतं तिनं. पर ती कवा आली न्हाई तमाशाला."

जोतीराम पुन्हा समजवायला तोंड उघडणार होता, पण अख्तरबीने हाताने त्याला गप्प केलं. डोळे पुसून ती पेटाऱ्यावर बसली आणि याकूबला म्हणाली, बसा. तो बसला. तिने विचारलं, "कशी हुती तुमची अख्तर?"

तो सांगत राहिला. बाहेर ढोलकी चालू होती, वगाचं मला बोलावणं येत होतं, मी गेलो नाही. तो म्हणाला की ती गुणाची होती. बांगडी भरताना समोरच्या पोरीला कधी दुखवलं नाही. ताहेरा गेल्यावर ती त्याला एक शब्द लावून बोलली नाही, आणि तेच त्याला सोसायचं नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. पावसाळ्यात घरी गेलं की तो रोज ठरवायचा आज हिला हसवायचं, आणि तिच्यासमोर तोंडातून एक शब्द फुटायचा नाही. "साऱ्या मुलखाला हसवलं म्या," तो म्हणाला. "तिच्याफुडं मला काय सुचायचंच न्हाई. सांगाया पायजे हुतं तिला. राहून गेलं."

"मला सांगा," अख्तरबी म्हणाली. "मी हाय की ऐकाया."

नंतर ती बनुबाईजवळ म्हणाली की इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याविषयी एवढं बोलला नाही, मी मेले म्हणून मला कळलं. बनुबाईला रडू आवरलं नाही. अख्तरबी मात्र रडली नाही. तिचं ठरलं होतं. तिने याकूबला सांगितलं की माधवनगरला माझं घर आहे, तिथे खेळाची सुपारी आहे, राहायची-जेवायची सोय आहे, चलता का. त्याने जोतीरामकडे बघितलं. जोतीराम म्हणाला, जा. दुसरं काय म्हणणार होता तो?

सकाळच्या गाडीला आम्ही त्यांना कोरेगाव स्टेशनात पोचवायला गेलो. याकूबच्या काखेत गाठोडं होतं, डोक्यावर स्वच्छ टोपी होती, ती अख्तरबीने धुऊन दिली होती. तो तिच्या मागे दोन हात अंतर ठेवून चालत होता, परक्या बाईच्या मागे चालावं तसा. जोतीराम बिनफेट्याचा होता. रात्रभरात त्याचे गाल बसले होते. वीस वर्षं ज्याच्या शब्दाला शब्द दिला तो माणूस निघाला होता.

गाडी आली. अख्तरबीने गाठोडं आत ठेवलं, याकूबला खिडकीपाशी बसवलं. इंजिनाने शिट्टी दिली तसा याकूबने खिडकीतून हात बाहेर काढून जोतीरामचा खांदा धरला. त्या क्षणी त्याला जोतीरामचं नाव आठवत होतं.

"जोत्या, मिरजंला गेलास की अख्तरच्या कबरीवर चादर घाल. मला आता यायाचं जमतंय का न्हाई."

जोतीरामने तोंड उघडलं. आजवर याकूबच्या शब्दाला त्याच्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. त्याची नजर याकूबच्या पलीकडे बसलेल्या अख्तरबीकडे गेली आणि तो तसाच उभा राहिला.

उत्तर अख्तरबीनेच दिलं. "घालतील," ती म्हणाली. "चांगली हिरवी चादर घालतील. हात आत घ्या आता, गाडी सुटली."